ग्रामीण शाळांसाठी पूर्णवेळ समाजकार्यकर्ती नेमायची असेल, तर तिचे नेमके काम काय असावे?

प्रश्न — कोथरूडकर

नमस्कार. आम्ही काही निवृत्त मंडळी कोथरूडमधून एक लहानसा नोंदणीकृत न्यास चालवतो आणि मुळशी व वेल्हे (आता राजगड) तालुक्यांच्या डोंगराळ भागातील जिल्हा परिषदेच्या काही प्राथमिक शाळांना गेली काही वर्षे मदत करीत आलो आहोत. ही मदत आजवर वस्तूंचीच होती: वह्या, दप्तरे, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, एका शाळेच्या पत्र्यांची दुरुस्ती. गेल्या हिवाळ्यात एका द्विशिक्षकी शाळेच्या मुख्याध्यापकांनी आम्हाला स्पष्टपणे सांगितले की वस्तू आता पुरेशा झाल्या आहेत. त्यांच्या पटावरील कातकरी वस्तीतली मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात, आणि त्या मुलांच्या मागे जाईल असे माणूस शाळेकडे नाही. दोन शिक्षकांपैकी एक तालुक्याच्या बैठकीस गेला की दुसऱ्याला चारही इयत्ता एकत्र सांभाळाव्या लागतात. अशा वेळी त्याने वस्तीवर केव्हा जावे?

यावरून एका पूर्णवेळ समाजकार्यकर्तीचे मानधन न्यासाने द्यावे, असा प्रस्ताव आमच्यापुढे आला आहे. मात्र आमच्यातच दोन मते आहेत. एका विश्वस्तांचे म्हणणे असे की, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार प्रत्येक मुलाचा प्रवेश, उपस्थिती आणि प्राथमिक शिक्षणाची पूर्तता यांवर लक्ष ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, त्यामुळे ते काम आपण अंगावर घेतले तर शासनाची जबाबदारी सैल होईल. दुसरे मत असे की, जबाबदारी कोणाची हे ठरेपर्यंत मूल चौथीतून कायमचे बाहेर पडलेले असते.

या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांना मला विचारायचे आहे की, अशा व्यक्तीचे रोजचे काम काय असावे, तिने एका शाळेत बसावे की अनेक शाळा पाहाव्यात, शिक्षकांशी तिचे नाते कसे असावे, आणि समाजकार्याची पदवी घेतलेली शहरातील व्यक्ती निवडावी की त्याच परिसरातील कमी शिकलेली परंतु माहितगार व्यक्ती. वर्षाअखेरीस हे काम नीट झाले की नाही हे आम्हाला देणगीदारांना सांगावे लागेल, हेही लक्षात घ्यावे.

---

उत्तर १ — समाजकार्यकर्ती, दौंड

कोथरूडकर सर, मी पुण्यातच समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि त्यानंतर जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत ऊसतोड कामगारांच्या मुलांबरोबर काम करीत आले आहे. त्यामुळे माझे उत्तर थोडे लांबणार आहे.

प्रथम आपल्या विश्वस्तांच्या आक्षेपाविषयी. कायद्याने जबाबदारी स्थानिक प्राधिकरणाची आहे हे अगदी खरे, आणि ती त्यांच्याच अंगावर राहिली पाहिजे. परंतु समाजकार्यकर्तीचे काम शासनाच्या जागी उभे राहण्याचे नाही. जे शासनाने द्यायचे आहे ते त्या विशिष्ट मुलापर्यंत पोहोचते की नाही, याचा पाठपुरावा करण्याचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणांत प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शाळेशी किंवा शाळासमूहाशी जोडलेल्या समुपदेशकांनी आणि समाजकार्यकर्त्यांनी शिक्षकांच्या बरोबरीने पालकांमध्ये व वस्त्यांमध्ये फिरून प्रत्येक मूल शाळेत येत आहे आणि शिकत आहे याची खात्री करावी, अशी अपेक्षा तिथे मांडलेली आहे. जिल्हा परिषदेच्या आपल्या वाड्यावस्त्यांवरील शाळांत मात्र या अपेक्षेचे रूपांतर मंजूर पदात झालेले नाही. म्हणून न्यासाने पुढाकार घेण्यात गैर काही नाही, फक्त तो गटशिक्षणाधिकाऱ्यांशी लेखी करार करून घ्यावा.

ही कल्पना परकीही नाही. अमेरिकेत १९०६ च्या सुमारास न्यूयॉर्क, बोस्टन यांसारख्या शहरांत मुलांच्या घरी जाणाऱ्या 'भेटीच्या शिक्षिका' नेमल्या गेल्या आणि तिथून शालेय समाजकार्य ही शाखा वाढली, असे आम्हाला अभ्यासक्रमात शिकवतात. मला स्वतःला मात्र ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम अधिक जवळचे वाटते. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू करणाऱ्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत रमलेल्या या दोघींनी, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळाच कुरणावर नेली. हे मूल या घटकेला कोठे आहे आणि तिथे का आहे, हा प्रश्न त्यांनी सर्वांत आधी विचारला. शालेय समाजकार्याची सुरुवात याच प्रश्नापासून होते, असे माझे ठाम मत आहे.

आता रोजच्या कामाकडे येते. हजेरीपटावर प्रत्येक गैरहजेरीची खूण सारखीच दिसते. कारणे मात्र घराघरांत निराळी असतात. सहावीतली मुलगी येत नाही, कारण अंगणवाडी लवकर सुटते आणि आई मजुरीवरून येईपर्यंत धाकट्या भावाला तिलाच सांभाळावे लागते. दुसऱ्या घरातील मुलगा वर्गात लक्ष देत नाही म्हणून ओरडा खातो आणि हळूहळू येईनासा होतो. प्रत्यक्षात त्याच्या कानातून अनेक महिने पू वाहत असतो. तिसऱ्या घरी वडील वारलेले असतात आणि आई दुसऱ्यांच्या शेतावर जाते. शिक्षकाला ही कारणे ढोबळपणे ठाऊक असतात, परंतु प्रत्येक कारणामागचा मार्ग वेगळ्या कार्यालयात जातो आणि तिथपर्यंत चालत जाण्यास त्याला वेळ नसतो.

उदाहरणार्थ, कानाच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्या दिवशी ते मूल हजर असेल, पथकाच्या नोंदीत त्याचे नाव येईल आणि पुढे संदर्भित रुग्णालयात त्याला घेऊन जाण्यासाठी आईची एका दिवसाची मजुरी बुडू शकेल, या तिन्ही गोष्टी जुळवणे हे समाजकार्यकर्तीचे काम आहे. वडील वारलेल्या मुलासाठी क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. पण त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते आणि बाल कल्याण समितीपुढील प्रक्रिया पार पाडावी लागते. डोंगरातील विधवा बाईने पुण्याच्या जिल्हा कार्यालयापर्यंत हा प्रवास एकटीने करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. कातकरी कुटुंबांच्या बाबतीत जातीच्या दाखल्याचा प्रश्न सर्वांत चिवट आहे, कारण अनुसूचित जमातीसाठी १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो आणि ज्यांचे घर दरवर्षी हलते त्यांच्याकडे कागद नसतो. एखाद्या आजोबांचे नाव जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये सापडले, तर त्यावरून सगळ्या भावकीचे काम होते. असे रजिस्टर चिकाटीने शोधत बसणे हेही समाजकार्यच आहे.

स्थलांतराचे काम मात्र दिवाळीनंतर सुरू करून चालत नाही. आमच्याकडे ऊसतोडीसाठी बीड आणि अहिल्यानगरकडील टोळ्या येतात. आपल्या भागातून वीटभट्ट्यांवर कुटुंबे जातात. दोन्हीकडे मुकादम, घेतलेली उचल (मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम) आणि निघण्याचा दिवस पावसाळा संपतानाच ठरलेला असतो. म्हणून सप्टेंबरमध्येच वस्तीवर बसून घरटी यादी करावी: कोणत्या मुलाला आजीजवळ ठेवता येईल, कोणाला ठेवणे शक्य नाही, आणि जे जाणार ते कोणत्या गावाजवळच्या भट्टीवर जाणार. मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत गेला, तर दोन वेळच्या जेवणाची सोय शासनाकडून होऊ शकते. जाणाऱ्यांसोबत शिक्षण हमी पत्रक (मूल कोणत्या इयत्तेत होते व काय शिकले हे सांगणारे, नव्या शाळेत दाखवायचे पत्र) द्यावे आणि तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आधीच दूरध्वनी करावा. दाखला मिळण्यास उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही, या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्याच्या कलम ५ आणि १४ मध्ये नमूद आहे. परंतु भट्टीवरील आईने हे कलम सांगणे आणि समाजकार्यकर्तीने ते सांगणे यांत फरक पडतो, हे मी वारंवार पाहिले आहे. उचल फिटेपर्यंत कुटुंबाला हलूच दिले जात नसेल, तर तो १९७६ च्या वेठबिगार प्रतिबंधक कायद्याचा विषय होतो आणि तहसीलदार व प्रांत यांच्याकडे जावे लागते. त्या वेळी एकटीने धाडस दाखवण्यापेक्षा संघटनेची सोबत घ्यावी.

शेवटी, एका शाळेला एक समाजकार्यकर्ती देणे आपल्या भागातील लहान पटाच्या शाळांत परवडणारही नाही आणि आवश्यकही नाही. तिला एका केंद्राशी जोडावे, म्हणजे साधारण आठ ते दहा शाळा तिच्याकडे येतील. परंतु एक अट करारात ठळकपणे लिहावी: शिक्षक रजेवर असला तरी तिला वर्गावर बसवायचे नाही, ऑनलाइन माहिती भरण्यास लावायचे नाही आणि पोषण आहाराच्या नोंदी तिच्याकडे द्यायच्या नाहीत. ज्या ज्या ठिकाणी ही अट नव्हती, तिथे काही महिन्यांतच कार्यकर्ती शाळेची बिनपगारी कारकून झालेली मी पाहिली आहे, आणि मग वस्तीवर जाणारे पुन्हा कोणीच उरत नाही.

---

उत्तर २ — निवृत्त केंद्रप्रमुख, जुन्नर

वरील उत्तर अनुभवातून आलेले आहे आणि त्यातील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत. तरीही शिक्षण विभागात आयुष्य गेलेल्या माणसाच्या नात्याने काही गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते.

गृहभेटी हे काम आमचे शिक्षक करीत असत, आणि आजही अनेक जण करतात. राज्यात बालरक्षक म्हणून स्वेच्छेने पुढे आलेल्या शिक्षकांनी शाळाबाह्य मुले शोधून, स्थलांतरित मुलांना परत आणून दाखवले आहे. शिक्षक गावात राहत होता तेव्हा त्याला संध्याकाळी वस्तीवरचे बोलणे आपोआप कानी येई. आता रस्ते झाले, वाहने आली आणि बहुतेक शिक्षक तालुक्याच्या किंवा पुण्याच्या घरून ये-जा करतात. त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न पाहता त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे म्हटले आहे. तरी माहिती पाठवण्याचे, छायाचित्रे चढवण्याचे आणि अहवालांचे काम त्या कलमात न बसताही वाढतच गेले. म्हणून समाजकार्यकर्तीची गरज निर्माण झाली, हे मी मान्य करतो. परंतु तिच्या येण्यामुळे 'गृहभेट ही आता ताईंची जबाबदारी' असे शिक्षक समजू लागले, तर शाळेचे नुकसानच होईल. तिने पहिले वर्षभर शक्य तेथे शिक्षकाला बरोबर घेऊनच घरी जावे.

माझी मुख्य चिंता वेगळी आहे. न्यासाचा किंवा कंपनीचा पैसा मुदतीचा असतो. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतील चालू प्रकल्प सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही, असा नियम आहे. तीन वर्षांत एखाद्या ताईवर वस्तीचा विश्वास बसतो, आणि त्याच वेळी प्रकल्प संपतो. मुले पुन्हा शाळेबाहेर जातात आणि पुढच्या वेळी येणाऱ्या कार्यकर्त्याला लोक दारातही उभे करीत नाहीत. त्यामुळे आपल्या न्यासाने निदान पाच वर्षांची तयारी असेल तरच हे काम हाती घ्यावे, अन्यथा छताचे पत्रे बदलणेच अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

दुसरे असे की, गावात जे आधीपासून आहे ते चालते करणे हे तिचे पहिले काम मानावे. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असल्या पाहिजेत, असा कायदा आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी इतिवृत्त एका बैठकीत लिहिले जाते आणि सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीची अवस्थाही फारशी निराळी नाही. या दोन्ही समित्यांमध्ये वस्तीवरील दोन बायका बोलू लागल्या, तर कार्यकर्ती गेल्यानंतरही काहीतरी शिल्लक राहील.

निवडीविषयी माझे मत असे की, त्याच परिसरातील बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेली महिला नेमावी आणि तिच्या मार्गदर्शनासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी असलेली अनुभवी व्यक्ती महिन्यातून काही दिवस ठेवावी. आणि कृपया उपस्थितीच्या टक्केवारीचे उद्दिष्ट देऊ नये. टक्केवारी मागितली की टक्केवारी मिळते. मूल मिळतेच असे नाही. हे मी दप्तर तपासणीत वर्षानुवर्षे पाहिले आहे.

---

उत्तर ३ — शिक्षिका, भोर

मी वर्गावरची बाजू थोडक्यात मांडते. समाजकार्यकर्ती येणार असे कळले की शाळेत पहिली भावना धास्तीची असते, कारण बाहेरून येणारी प्रत्येक व्यक्ती वही काढून काहीतरी तपासते, असा आमचा अनुभव आहे. तिने सुरुवातीलाच सांगावे की ती शाळेचा अहवाल कोणाला देणार नाही; मग आम्हीच तिला नावे सांगू.

जिथे तिची आम्हाला सर्वांत जास्त गरज आहे ती गोष्ट मी सांगते. सातवीनंतर पुढची शाळा लांब असते. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण जिथे एसटी सकाळी एकच येते आणि संध्याकाळी उशिरा परतते तिथे पासाचा उपयोग मर्यादित राहतो. मुलगी घरी बसते आणि दोनेक वर्षांत तिच्या लग्नाचे बोलणे सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. हा आकडा माझ्या जुन्या वर्गांच्या हजेरीपटांकडे पाहिले की मला नावानिशी दिसतो. कायद्याने ग्रामसेवक हे गावाचे बालविवाह प्रतिबंध अधिकारी आहेत. परंतु ग्रामसेवकांना त्याच गावात घरपट्टी वसूल करायची असते आणि मला त्याच गावात शिकवायचे असते. लग्नाच्या आठवड्यात तक्रार झाली, तर मांडव हलतो, लग्न दुसऱ्या गावी लागते आणि त्या घराची धाकटी मुलगीही शाळेतून निघते. मुलगी सातवीत असतानाच तिच्या आईशी, आजीशी आणि मामाशी शांतपणे बोलत राहणारे, पुढच्या शाळेच्या वसतिगृहाची चौकशी करून देणारे माणूस असेल, तर पुष्कळ घरांत मांडवापर्यंत गोष्ट जाणारच नाही. हे काम माझ्या तासिकांमध्ये बसत नाही, आणि ते व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

---

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद — कोथरूडकर

तिन्ही उत्तरांबद्दल अत्यंत आभारी आहे. केंद्रप्रमुख सरांचा पाच वर्षांचा मुद्दा आम्ही विश्वस्तांच्या बैठकीत ठेवणार आहोत. आणखी दोन शंका आहेत. घराघरांतून गोळा होणारी खासगी माहिती कोणी, कोठे आणि कशी ठेवावी? विशेषतः एखाद्या मुलावर अत्याचार झाल्याचे कार्यकर्तीला समजले, तर तिने आधी न्यासाला सांगावे, मुख्याध्यापकांना सांगावे की आणखी कोणाला? आणि टक्केवारी मागायची नाही, तर मग आम्ही नेमके काय विचारावे?

---

उत्तर ४ — समाजकार्यकर्ती, दौंड

पहिल्या शंकेतील अत्याचाराच्या मुद्द्याचे उत्तर आधी देते, कारण त्यात विचारविनिमयाला जागाच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, बालकावर लैंगिक गुन्हा झाल्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीबद्दल माहिती दडवली तर त्याची शिक्षा अधिक, म्हणजे एक वर्षापर्यंतची आहे. न्यासाची परवानगी, मुख्याध्यापकांची संमती किंवा गावच्या प्रतिष्ठितांची बैठक यांपैकी कशासाठीही थांबता येत नाही. गावात अशी प्रकरणे मिटवण्याकडे कल असतो, मुलीच्या बदनामीचे कारण पुढे केले जाते आणि दबाव नेहमी सर्वांत कमी मानधनाच्या व्यक्तीवर येतो. म्हणून न्यासाने तिला नेमणुकीच्या पत्रातच लेखी द्यावे की अशा प्रसंगी ती कायद्याप्रमाणे थेट कळवील आणि न्यास तिच्या पाठीशी वकिलासह उभा राहील. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षातील अधिकाऱ्यांशी आधीपासूनची ओळख, या दोन गोष्टी तिच्याजवळ पहिल्या महिन्यातच असाव्यात. तिने स्वतः मुलाची उलटतपासणी करू नये. मूल जे सांगते ते शांतपणे ऐकावे, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे आणि पुढची प्रक्रिया प्रशिक्षित व्यक्तींवर सोपवावी.

इतर माहितीबाबत आमच्याकडे व्यक्तिसहाय्य कार्यात (एकेका व्यक्तीला वा कुटुंबाला धरून केलेल्या कामात) जी शिस्त शिकवतात तीच इथे लागू करावी. प्रत्येक मुलाची नोंद स्वतंत्र ठेवावी, ती कुलुपात राहावी आणि तिच्यापर्यंत कार्यकर्ती व तिची मार्गदर्शक या दोघींखेरीज कोणी पोहोचू नये. शिक्षिकेला मुलाच्या शिकण्यासाठी जेवढे कळणे आवश्यक आहे तेवढेच सांगावे. घरी दारूमुळे भांडणे होतात हे सर्व शिक्षककक्षाला कळण्याची गरज नाही. या मुलाला सकाळी उशीर झाला तर शिक्षा करू नका, एवढे पुरते. आणि सर, थोडे परखडपणे बोलते याबद्दल क्षमस्व, परंतु देणगीदारांना दाखवण्यासाठी मुलांची छायाचित्रे आणि 'कहाण्या' मागू नका. शहरातील एखाद्या सभागृहात पडद्यावर झळकलेले ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी मोबाइलवरून त्याच वस्तीत पोहोचते.

काय विचारावे, याविषयी माझा अनुभव असा. मूल सलग गैरहजर राहू लागल्यापासून घरी पहिली भेट होईपर्यंत किती दिवस गेले, हा माझ्या मते सर्वांत खरा प्रश्न आहे, कारण हे अंतर कमी झाले की मूल परत येण्याची शक्यता वाढते. त्यानंतर, स्थलांतरावर गेलेल्या प्रत्येक मुलाचा ठावठिकाणा माहीत आहे का आणि एप्रिल-मे मध्ये परतल्यावर ते जूनमध्ये पुढच्या वर्गात बसले का, हे विचारावे. वयानुरूप वर्गात बसवलेल्या मुलाला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे विशेष प्रशिक्षण मिळाले का, हेही विचारावे, कारण नुसते पाचवीत बसवलेले परंतु अक्षरओळख नसलेले मूल अपमानाने पुन्हा बाहेर पडते. किती दाखले निघाले आणि किती अडले, अडले ते कोणत्या टेबलावर अडले, याची नोंद तालुक्याच्या बैठकीत फार उपयोगी पडते. एका गोष्टीची मात्र मनाची तयारी ठेवावी: पहिल्या वर्षी शाळाबाह्य मुलांचा आकडा वाढलेला दिसेल. आजवर पटावर असूनही शाळेत नसलेली आणि पटावरच न आलेली मुले आता मोजली जातील, त्यामुळे हा वाढलेला आकडा काम सुरू झाल्याची खूण समजावी.

केंद्रप्रमुख सरांनी सुचवलेली स्थानिक कार्यकर्ती आणि अनुभवी मार्गदर्शक ही जोडी मला पटते. मार्गदर्शकासाठी पुण्यात १९६३ पासून सुरू असलेली कर्वे समाज सेवा संस्था आहे, तिथल्या प्राध्यापकांशी आपण बोलू शकता. समाजकार्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी मिळतात आणि त्यांची मदत जरूर घ्यावी. पण ते वर्षाअखेरीस बदलतात, म्हणून त्यांना कायम कार्यकर्तीची जागा देऊ नये. दर काही महिन्यांनी नवीन ताईला घरातील तेच दुःख पहिल्यापासून सांगण्याची वेळ कोणत्याही आईवर येऊ नये.

---

उत्तर ५ — शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, मुळशी

मी पालक सदस्य आहे आणि आमच्या वाडीतील शाळा आपण म्हणता तशाच भागात आहे. मोठ्या मंडळींनी सर्व सांगितले आहे. मी फक्त दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

कार्यकर्तीची वेळ शाळेच्या वेळेला बांधू नका. अकरा ते पाच या वेळेत वस्तीवर म्हातारी माणसे आणि लहान मुलेच असतात. आईवडील दिवेलागणीला घरी येतात आणि तेव्हाच बोलतात. त्यामुळे आठवड्यातले निदान दोन दिवस तिचे काम दुपारनंतर सुरू व्हावे, तिच्या परतण्याची किंवा गावात मुक्कामाची सोय व्हावी आणि त्याचा खर्च आपण आधीच धरावा. रात्री डोंगरातून एकट्या बाईने दुचाकीवर यावे, असे कोणी गृहीत धरू नये. कातकरी बोली समजणारी मुलगी वस्तीतूनच मिळाली तर फारच उत्तम. आमच्याकडे बारावी झालेल्या एक-दोन मुली आहेत आणि त्यांना गावातच काम हवे आहे.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची आहे. आपण जूनपासून नेमणूक करणार असाल, तर पहिले दोन महिने तिने फक्त घरे ओळखावीत आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तिची ओळख करून द्यावी. हंगामी वसतिगृहाचा, कोणती मुले मागे ठेवायची याचा आणि त्यांच्या जेवणाचा विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठरावासह मंजूर करून घ्यावा. त्यानंतरच्या ग्रामसभेपर्यंत थांबलात, तर ज्या घरांविषयी ठराव करायचा ती घरे भट्टीवर गेलेली असतील. आमच्या समितीच्या वतीने तो विषय पत्रिकेवर घेण्याची जबाबदारी मी घेतो. आपण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या नावाने पत्र पाठवावे.